डोळसोबाचं ठाणं

विहीर बानूबाईच्या डोळ्यांसमोर होती आणि पाणी मात्र ती ओढ्यातून आणत होती.

चैताचं ऊन म्हणजे काय सांगावं! ओढ्याच्या वाळूत हातभर झिरा उकरायचा, पाझर साठायची वाट बघत बसायचं, मग करवंटीनं घागर भरायची. तेही पाणी गढूळ. घागर डोक्यावर घेऊन ती परत यायची ती स्वतःच्या विहिरीवरूनच, कारण वाट तिथूनच होती. विहिरीभोवती सर्जेरावानं बाभळीचे काटे टाकले होते. काट्यांवरून मान लांबवली की तळाचं पाणी लकलक करायचं. बघायला बंदी नव्हती, तेवढी तरी सर्जेरावाची मेहेरबानी म्हणायची.

आता ही विहीर कुणी खांदली? बानूबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, आबाजीनं. आबाजीचा बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला. आबाजीनं कळप मोडला आणि कळसच्या शिवारात ओढ्याकाठी जमीन धरली. भादव्यात ओढ्याला असा लोंढा आला की बांध गेला, बांधावरचे हद्दीचे दगड गेले, सगळीकडं गाळाचं एकच मैदान झालं. नवरा-बायको म्हणाली, गाळ पडला तर पडला, जमीन चांगली झाली. त्यांनी विहीर धरली. तो खाली पहार मारायचा, ती वर मातीच्या पाट्या ओढायची. दोराच्या काचणीनं तिच्या तळहातांची सालं निघाली. ज्या दिवशी तळाला झरा फुटला, त्याच दिवशी वरनं धोंडा सुटला आणि आबाजीच्या पायावर बसला. पाणी लागलं आणि पाय गेला. बानूबाईनं रडावं का हसावं तेच तिला कळेना.

आणि चार दिवसांनी शेजारचा सर्जेराव येऊन उभा राहिला.

"आबाजी, घाम तुजा खरा, पर जागा माजी हाय. बांध हितनं न्हवताच. पार तिकडं, त्या करंजापाशी व्हता."

"करंजापाशी?" बानूबाई फणकारली. "मग आमी काय ओढ्यात पेरत व्हतो?"

"तुमास्नी हद्द काय म्हाईत? मेंढरं राखणारी मानसं तुमी. जितं कळप बसंल तितं तुमची हद्द."

हे वाक्य बानूबाईच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं. खरं सांगायचं तर सर्जेराव काही राक्षस नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की जागा त्याचीच आहे. आणि ज्याला मनापासून वाटतं त्याच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. शेवटी मोजणीचा अर्ज गेला. वांग्याची रोपं वाफ्यात माना टाकून उभी होती. विहिरीचं पाणी मिळालं तर वांगी बारामतीच्या बाजारात जातील, नाही मिळालं तर आबाजीला लंगड्या पायानं पुन्हा कुणाच्या तरी मेंढरांमागं जावं लागेल. एवढं सगळं त्या मोजणीवर टांगलेलं होतं.

मोजणीदार आले ते इंदापूरच्या एष्टीतनं उतरून, फुफाट्यातनं पायी चालत. मोहनराव त्यांचं नाव. डोक्यावर टोपी, अंगात घामानं भिजलेला खाकी शर्ट, आणि मागं सोनबा नावाचा गडी. सोनबाच्या खांद्यावर साखळी, झेंड्या, तिवई आणि एक लाकडी फळी.

"बाई, जुने दगड कुठं आहेत?" मोहनरावांनी विचारलं.

"दगुड सोलापूरला गेलं, सायेब. पान्यासंगं," बानूबाई म्हणाली.

मोहनराव हसले, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते ओढ्याकाठानं पार लांबवर जाऊन आले. एकही दगड जागेवर नव्हता. साखळी लावायची तर कुठल्या तरी धड जागेपासून लावायला पाहिजे, आणि इथं तर धड जागाच उरली नव्हती.

"मग आता वो?" सर्जेरावानं विचारलं.

"मग आता लांबच्या साक्षीदारांना विचारू," मोहनराव म्हणाले.

त्यांनी गाळात तिवई रोवली, तिच्यावर फळी बसवली, होकायंत्र ठेवून ती उत्तरेला लावली, फळीवर कागद ताणला. कागदावर तीन टिंबं आधीच काढलेली होती. एक गावच्या देवळाच्या शिखराचं. दुसरं डाळजच्या बाजूला माळावर पांढरा बुरूज दिसतो त्याचं. आणि तिसरं मागच्या टेकडीवरच्या सरकारी दगडाचं.

"ही तीन ठिकाणं जुन्या लोकांनी पक्की मोजून ठेवलीत," मोहनराव सांगू लागले. माणूस बोलका होता, आणि ऐकणारं मिळालं की खुलायचा. "अख्खा देश असाच मोजलाय. आधी एकच बाजू जमिनीवर साखळीनं मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरनं लांबच्या एका टेकडीकडं नेम धरायचा, किती तिरकं बघावं लागलं ते टिपायचं. दोन नेम जिथं मिळतील तिथं ती टेकडी. तिथवर चालत जायला नको, मधली नदी ओलांडायला नको. मग त्या टेकडीवरनं पुढची, तिच्यावरनं आणखी पुढची. त्रिकोणाला त्रिकोण जोडत न्यायचं."

"तिकोनच का वो? चौकोन का न्हाय?" बानूबाईनं विचारलं.

"चौकोन दाबला की कलतो. त्रिकोण कलत नाही."

बानूबाईला हे पटलं. चूल तीनच दगडांची असते, आणि तीन दगडांवर ठेवलेलं भांडं कधी डुलत नाही.

"आज उलटं करायचं," मोहनराव म्हणाले. "ती तिन्ही ठिकाणं माहीत आहेत, आपण कुठं उभे आहोत ते माहीत नाही. तिघांकडं बघून तीन रेघा मागं ओढायच्या. तिन्ही जिथं मिळतील तिथं आपण. एकदा आपण सापडलो की जुन्या नकाशावरनं बांध सापडलाच. सोनबा, टेकडीवर जा. गोल कोरलेला दगड असेल, मधे टिंब. त्याच्यापाशी झेंडी धर."

"आगं बाई, त्यो तर आमचा डोळसोबा!" बानूबाई हरखली. "जावा जावा, भंडारा लावलेला हाय. वहाना काढून जावा."

आता हा डोळसोबा कोण ते सांगायला पाहिजे. टेकडीवर एक घडीव दगड होता. त्याच्यावर एक वाटोळं कोरलेलं, मधे टिंब. कुणी कोरलं, कधी कोरलं, कुणाला ठाऊक? मेंढरं घेऊन जाणाऱ्यांनी बघितलं आणि म्हणाले, हा देवाचा डोळा. कळपावर नजर ठेवतो. झालं, त्याला भंडारा लागला, शेंदूर लागला, नारळ फुटायला लागले. बानूबाईची सासू साखरबाई रोज सकाळी वर जाऊन डोळसोबाला पाणी घालायची, त्याशिवाय तोंडात घास घ्यायची नाही. पुढं म्हातारीचे गुडघे धरले. चढण होईना, आणि घास गिळेना. उपाशी सासू किती दिवस बघायची? शेवटी बानूबाईनं डोळसोबाला कौल लावला. ओल्या दगडावर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली, उजवं पडलं. देव म्हणाला, चल. तिनं तो दगड उकरला, डोक्यावर चुंबळ ठेवून उचलला आणि टेकडीच्या खालच्या खांद्यावर, वस्तीच्या अगदी मागं, आणून बसवला. तेव्हापासून म्हातारी काठी टेकत जायची आणि दोन घास जेवायची.

तर सोनबा गेला तो त्या खांद्यावर. गोल होतं, टिंब होतं, दगड सरकारी होता. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? त्यानं झेंडी धरली.

मोहनरावांनी नेम धरायची, दोन्ही टोकांना उभ्या चिरा असलेली पितळी पट्टी टिंबाला टेकवली, एक डोळा मिटून शिखराकडं नेम धरला, रेघ ओढली. मग बुरुजाची रेघ ओढली. मग झेंडीची. आणि तिन्ही रेघांवरनं पुन्हा बोट फिरवलं.

"काय झालं, सायेब?" बानूबाईनं विचारलं.

"मिळत नाहीत."

त्यांनी पुन्हा होकायंत्र लावलं, फळी पुन्हा बसवली, पुन्हा रेघा ओढल्या. पुन्हा तेच. तीन रेघा एका टिंबात मिळायच्या त्या तीन ठिकाणी एकमेकींना कापत होत्या आणि मधे एक त्रिकोण उरत होता. तीनातली दोन कापणी अशी की त्यांच्या हिशेबानं विहीर सर्जेरावाची. एक अशी की बानूबाईची.

सर्जेरावानं कागदात डोकं घातलं. "मग वाद कशाचा? दुसरं इलेक्शन झालं न्हवं औंदा? जास्ती मतं ज्याची त्याची शीट!"

"जमीन मतांवर चालत नसते, सर्जेराव. तिघांपैकी एक साक्षीदार खोटं बोलतोय. कोण ते कळेपर्यंत मला हद्द टाकता येत नाही. आज कळलं नाही तर आहे तसं लिहून जावं लागेल. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षापर्यंत काटे तसेच, आणि वांगी तर आठवडाभर टिकायची नाहीत.

"देऊळ हाललं न्हाय," ती स्वतःशीच पुटपुटली. "बुरूज हाललाय व्हय? त्यो कसा हालंल?" आणि तिसऱ्याशी आल्यावर तिनं वळून टेकडीकडं बघितलं.

मोहनराव करंजाखाली भाकरी खायला बसले तशी ती वस्तीकडं पळाली. आबाजी ओसरीला पाय लांब करून पडला होता. पायाला बिब्बा लावून फडकं बांधलेलं. तिनं धाप टाकत सगळं सांगितलं.

आबाजीचा चेहराच उतरला. "सरकारी दगुड हालवला म्हनून बेड्या पडत्याल. गप ऱ्हा. इहीर गेली तर जाऊ दे."

"जाऊ दे? तुमचा पाय गेला त्या इहिरीत!"

"पाय माजा गेला ना? मग मी म्हंतो. पाय गेला, इहीर गेली, आता तू बी तुरुंगात जा. म्हातारीला कोन बघंल?"

तो भेकड म्हणून बोलत नव्हता, तिच्या काळजीनं बोलत होता. ती उंबऱ्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. बोललं तर बेडी, नाही बोललं तर विहीर. आणि बोलूनही विहीर मिळेलच असं कुठं होतं? खरी रेघ सर्जेरावाच्याच बाजूला गेली म्हणजे? मग बेडीही पडायची आणि काटेही राहायचे.

कोपऱ्यात साखरबाई बसली होती. म्हातारीला दिसायचं कमी, पण ऐकू सगळं यायचं.

"बाने, देवाला कुनासाठी खाली आनलास?"

"तुमच्यासाठी, आत्याबाई."

"मग माज्यामुळं त्यो खोटा साक्षीदार ठरला व्हय गं? देवाच्या कपाळी लबाडी लावून मी कशी पानी पिऊ? जा, सांग जा. काय व्हईल ते व्हईल."

बानूबाई उठली.

करंजाखाली जाऊन तिनं सरळ सांगून टाकलं. "सायेब, देऊळ खरं, बुरूज खरा. लबाड आमचा डोळसोबा हाय. न्हाय न्हाय, लबाड त्यो न्हवं, म्या केला त्येला. त्यो वरल्या शेंड्यावर व्हता. म्या डोक्यावर घेऊन खाली आनला. सासूला चढवत न्हवतं. बेड्या घालायच्या तर घाला, पर आधी इहिरीचं बघा."

"ऐकलं का सायेब?" सर्जेराव उडालाच. "सरकारी दगुड चोरला! आपल्या तोंडानं कबूल करतीय!"

मोहनरावांनी हातातली भाकरी फडक्यात ठेवली. त्यांना राग आला नव्हता, उलट त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे माझ्या रेघा बरोबर होत्या! बाई, मला वाटलं माझंच काही चुकतंय. जुनी जागा दाखवता येईल?"

"डोळं झाकून. ठाणं कुनी रिकामं ठेवतं व्हय?"

सगळे टेकडी चढले. पुढं बानूबाई, मागं मोहनराव, त्यांच्या मागं पहार घेतलेला सोनबा आणि शेवटी सर्जेराव, फुसफुसत. आपल्या पाठीमागं काही दगाफटका होईल म्हणून तो आला होता, पण अर्ध्या चढणीवर त्याचा पार घामटा निघाला. माथ्यावर कवठाएवढ्या धोंड्यांचा एक ढीग होता. देव हलवला तरी त्याचं ठाणं मोडायचं नसतं, अशी त्यांच्याकडची रीत. त्या जागी पालथा दगड ठेवायचा, भंडारा टाकायचा, आणि गुराढोरांचा पाय पडू नये म्हणून वर ढीग रचायचा. येणारा-जाणारा धनगर त्याच्यावर एक धोंडा टाकून पुढं जायचा. त्यामुळं ढीग वाढला होता.

सर्जेरावानं आपसूक वहाणा काढल्या. भांडण भांडणाच्या जागी, देव देवाच्या जागी.

धोंडे बाजूला केले. पालथा दगड निघाला, त्याच्याखाली पिवळा भंडारा अजून ओला असल्यासारखा दिसला. पण खाली नुसता खळगा. तो काही नेमका नव्हता, वीतभर इकडं की वीतभर तिकडं कोण सांगणार?

"जुने लोक एक हुशारी करायचे म्हणतात," मोहनराव हळूच म्हणाले. "मी स्वतः कधी बघितलेली नाही. सोनबा, पहार दे. हळू. अगदी हळू."

सोनबानं खरवडलं. मुरूम निघाला. आणखी मुरूम. बानूबाई डोळसोबाचं नाव घेत उकिडवी बसली होती. आणि मग पहारीचं टोक टणकन वाजलं.

मोहनरावांनी गुडघे टेकले, हातानं मुरूम सारला, तोंडानं फुंकर घातली. खाली कातळासारखा पक्का दगड होता. त्याच्यावर वाटोळं कोरलेलं. मधे टिंब.

मग बानूबाईच्या तोंडून हुंदकाच फुटला. "आगं माजे आई! त्यो गेलाच न्हवता!"

"वरच्या दगडाच्या बरोबर खाली, ओळंब्यात दुसरा पुरून ठेवायचे," मोहनराव म्हणाले. "वरचा कुणी हलवला, फोडला, तर खालचा असावा म्हणून. बाई, तुम्ही हा ढीग रचला नसता तर मला ही जागा जन्मात सापडली नसती."

झेंडी त्या टिंबावर उभी राहिली. सगळे खाली आले. ह्या वेळी मोहनरावांनी रेघ ओढायच्या आधी सर्जेरावालाच पट्टीच्या चिरेतनं बघायला लावलं. "बघा, झेंडी दिसते?" "दिसती." "ओढा रेघ तुमच्या हातानं." सर्जेरावानं पेन्सिल धरली ती कुदळीसारखी, पण रेघ सरळ आली. शिखराची आली, बुरुजाची आली, टेकडीची आली. तिन्ही जिथं मिळाल्या तिथं सुईच्या टोकाएवढीही फट नव्हती.

मग त्या टिंबापासून साखळी पडली. कडी कडी सरकत साखळी विहिरीच्या काठाशी आली, काठ ओलांडून पुढं गेली, आणि सोनबानं खुंटी ठोकली ती विहिरीतनं काढलेल्या मातीच्या ढिगात.

"विहीर आबाजीची," मोहनराव म्हणाले. "मातीचा ढीग मात्र सर्जेरावांच्या हद्दीत."

बानूबाई खाली वाकली. गाळात दोन्ही हात टेकले आणि कपाळ लावलं. कुणाच्या पाया पडत होती, मोहनरावांच्या, टेकडीच्या का जमिनीच्या, ते तिलाच सांगता आलं नसतं.

"आन् बेड्या?" तिनं वर बघत विचारलं.

"वरचा दगड जागेवर नाही, खालची खूण शाबूत, एवढं लिहीन. कुणी हलवला ते कागदात विचारलेलंच नाही. सरकार वर नवा दगड बसवील. आजीबाईंचा देव राहू द्या त्यांच्यापाशी."

सर्जेरावानं खुंटीकडं बघितलं. मग तो वाकला आणि विहिरीभोवतीचे काटे उचलायला लागला. एक काटा हातात घुसला, रक्त आलं. बानूबाई पुढं झाली आणि दुसऱ्या बाजूनं ओढू लागली.

"मातीचा ढीग उद्या हालवते, भावजी," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. गाळाची माती हाय, माज्या वाफ्याला व्हईल." मग खाली मान घालून म्हणाला, "त्यादिशी मेंढरांवरनं बोललो, ते बोलायला नगं व्हतं. तुमास्नी ठाणं राखाया येतं."

"पानी काढते. पयलं तुमच्या बैलास्नी पाजा," बानूबाई म्हणाली. तिच्या काळजातला काटा तिथंच निघाला.

दुसऱ्या दिवशी वांग्यांना पाणी फिरलं. संध्याकाळपर्यंत रोपांनी माना वर केल्या. साखरबाईनं खालच्या डोळसोबाला विहिरीचं पाणी घातलं आणि म्हणाली, "म्या म्हनत न्हवते? देव कुटं जागा सोडतोय व्हय!" म्हातारी असं कधीच म्हणाली नव्हती, पण त्या दिवशी तिला कोण अडवणार?

त्या शुक्रवारी बानूबाईनं पुरण घातलं आणि तीन निवद वाढले. एक देवळात दिला. एक टेकडीच्या माथ्यावर ठेवला. तिसरा फडक्यात बांधून, विहिरीच्या पाण्याची घागर डोक्यावर घेऊन ती डाळजच्या वाटेला लागली. आबाजी ओसरीवरनं ओरडला, "आगं, तितं कुठला देव हाय?" तिनं ऐकलं नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती माळावरच्या त्या पांढऱ्या बुरुजापाशी पोचली. चुना पोपडे धरून सुटला होता, एका बाजूला शेळ्या बसल्या होत्या. आजवर त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. तिनं पायथ्याची लेंडकं पदरानं झाडली, निवद ठेवला, घागरीतलं पाणी फिरवलं.

शेण गोळा करणारी एक म्हातारी, फुलाबाई, तिच्याकडं बघत उभी राहिली. "का गं बाय, ह्यो कुठला देव?"

"देव न्हवं, मावशी. आमच्या इहिरीचा साक्षीदार हाय."

मग ती पाठ टेकून बुरुजाच्या सावलीत बसली. लांब तिची टेकडी दिसत होती. दुसऱ्या अंगाला देवळाचं शिखर दिसत होतं. विहीर दिसत नव्हती, पण ती कुठं आहे ते बानूबाईला बसल्या जागी ठाऊक होतं. तिनं त्या बाजूला हात जोडले आणि उरलेली घागर फुलाबाईला प्यायला दिली.